आरसी विमान बनवणं, उडवणं आणि पडलं की जोडणं: मराठवाड्यातल्या आमच्या क्लबला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आरसी, म्हणजे जमिनीवरून रेडिओ कंट्रोलनं उडवायच्या छोट्या विमानांचा आमचा क्लब लहान आहे. सभासदांत कॉलेजची पोरं आहेत, मोटार रिवाइंडिंगवाले आहेत, निवृत्त मास्तर आहेत, एक-दोन शेतकरीही आहेत. नव्या माणसाचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. आधी जागा आणि हवा, मग विमान, असा क्रम मुद्दाम ठेवलाय. दुकानदार तो उलटा सांगेल, आणि त्याचं ऐकून आलेल्या माणसाचं विमान बहुतेक पहिल्याच रविवारी धसकटात पडलेलं असतं.

हे म्हणजे ड्रोनच ना?

कायद्याच्या नजरेत हो. उडवताना मात्र दोन्हींत पुष्कळ फरक पडतो. चार पंख्यांचा ड्रोन आतल्या सेन्सरांच्या जोरावर हवेत एका जागी थांबतो, हातातल्या रिमोटच्या काड्या सोडल्या तरी तिथंच राहतो. पंखांच्या विमानाला थांबणं माहीत नाही. त्याला पुढं जात राहावं लागतं. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की पंखाची उचल संपते आणि विमान नाक टाकतं. यालाच स्टॉल म्हणतात. त्यामुळं ड्रोन उडवणारा माणूस विमानही लगेच उडवेल, अशी आशा धरू नका. उलटं मात्र सहज जमतं.

परवाना लागतो का? पोलीस धरतात का?

२०२१ चे ड्रोन नियम मॉडेल विमानांनाही लागू आहेत. छंद, शिक्षण किंवा संशोधनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं यंत्र ‘मॉडेल’ या व्याख्येत बसतं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (यंत्राच्या नमुन्याला मिळणारं मान्यतापत्र) लागत नाही. वजनाप्रमाणे वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढं २ किलोपर्यंत मायक्रो, त्यापुढं २५ किलोपर्यंत स्मॉल. व्यवसायासाठी नसेल तर २ किलोपर्यंत रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. आमची जवळजवळ सगळी विमानं याच वजनात बसतात आणि नवख्यानं त्यापुढं जायचं कारणही नाही. मात्र यंत्राची ऑनलाइन नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि नॅनोपेक्षा जड यंत्राला तृतीय पक्षाचा विमा लागतो. नोंदणीचा कंटाळा करणारे बरेच भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

खरा प्रश्न जागेचा असतो. सरकारच्या हवाई नकाशात हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे आहेत. हिरव्यात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा ६० मीटर होते. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवायचं नाही. छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याकडं राहणाऱ्यांनी आणि नांदेड शहरातल्यांनी हे आधी पाहावं, कारण घराजवळचं मोकळं मैदान बहुधा याच वर्तुळात सापडतं. लातूरचा विमानतळ फारसा गजबजलेला दिसत नाही, म्हणून तिकडं चालतं असा समज आहे. नकाशावर तोही विमानतळच आहे. शिवाय सण, निवडणूक किंवा मोठ्या सभेच्या काळात जिल्हाधिकारी किंवा पोलीस तात्पुरती बंदी घालतात. ती स्थानिक पेपरात येते, आठवड्याला एकदा नजर टाकायची.

जागा कशी निवडता?

काळ्या रानात नाही. मराठवाड्याची काळी माती कापसाला चांगली. विमानाला ती पावसाळ्यात चिखल देते आणि उन्हाळ्यात भेगा. मनगटभर रुंद भेगेत पुढचं चाक गेलं की विमान नाकावर उलटतं, प्रॉप (पुढचा पंखा) तुटतो आणि मोटरचा दांडा वाकतो. ज्वारी काढलेलं रान लांबून मऊ दिसतं, पण धसकटं पंखाच्या फोममध्ये आरपार घुसतात. तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या खुंटांबद्दल तर बोलायलाच नको.

आम्हाला लागतो मुरमाड माळ. पाणी थांबत नाही, गवत आखूड असतं, आणि साठ-सत्तर मीटर लांब, सात-आठ मीटर रुंद पट्टा दगड वेचून साफ केला की धावपट्टी झाली. तो पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे असा धरावा, कारण पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वारा बहुतांशी पश्चिमेच्या अंगानंच येतो आणि उड्डाण व उतरणं दोन्ही वाऱ्यावर तोंड करूनच करायचं असतं. विजेच्या तारा, डीपी, रस्ता आणि वस्ती उडण्याच्या बाजूला नकोत. पायलटच्या पाठीमागं चालतील, कारण तिकडं विमान न्यायचंच नाही असा आमचा नियम आहे. सकाळी सूर्यही पाठीशी राहील, असं उभं राहा.

गायरान असेल तर ग्रामपंचायतीला, खासगी असेल तर मालकाला विचारायचं. तोंडी होकार मिळाला तरी चार ओळींचा कागद करून ठेवावा. गुरं चरायला येण्याची वेळही विचारून घ्या. बैल बुजला तर भरपाई द्यावी लागते आणि जागाही हातची जाते.

गावकरी हरकत घेत नाहीत का?

घेतात, आणि त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांत रात्री ड्रोन फिरायलेत, चोर टेहळणी करायलेत, अशी आवई उठली होती. लोक काठ्या घेऊन जागले. त्यानंतर आकाशात काही घोंघावलं की मोबाइल बाहेर निघतो. म्हणून आम्ही अंधार पडल्यावर उडवत नाही, विमानावर कॅमेरा लावत नाही, आणि नवीन जागी जाताना आधी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटतो. बीट अंमलदाराच्या कानावर घातलेलंही बरं. सगळ्यात उपयोगाचं म्हणजे पहिल्या दिवशी गावातल्या पोरांना जवळ बोलावून विमान हातात द्यायचं. आत काय आहे ते त्यांना दिसलं की संध्याकाळपर्यंत गावभर कळतं.

दुसरा हमखास प्रश्न पावसाचा. ‘काय हो, पाऊस पाडायलेत का?’ २०१५ आणि २०१९ साली कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी छत्रपती संभाजीनगरहून, तेव्हाच्या औरंगाबादहून, विमान उडालं होतं, ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आमचं विमान आठशे ग्रॅमचं आहे, असं सांगितलं तर म्हातारी माणसं निराश होतात. काही उलट चिडतात, कारण विमानं उडवून ढग पळवतात असा दुसरा समज आहे. वाद घालू नये, चहा प्यावा.

सुरुवातीला खर्च किती?

सहा चॅनलचा साधा २.४ गिगाहर्ट्‌झ ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आणि विमानातला रिसीव्हर, मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), चार सर्वो (विमानाचे हलते पट्टे फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), दोन बॅटऱ्या, बॅलन्स चार्जर (बॅटरीचे सगळे सेल सारखे भरणारा) आणि विमानाचा सांगाडा, असं धरून बारा ते अठरा हजार. यातला ट्रान्समीटर आणि चार्जर वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळं काटकसर तिथं करू नका. सांगाडा घरी बनवला तर पाच-सातशे रुपयांत होतो. सामान आपल्याकडं दुकानात क्वचित मिळतं. पुणे, मुंबई किंवा बंगळुरूहून कुरिअरनं मागवतो. बॅटऱ्या हवाई मार्गानं पाठवत नाहीत, त्यामुळं त्या उशिरा येतात.

पहिलं विमान कोणतं घ्यावं?

उंच पंखाचं, म्हणजे पंख धडाच्या वर असलेलं, सुमारे १.२ मीटर पंखविस्ताराचं आणि आठशे-नऊशे ग्रॅमच्या आत वजनाचं ट्रेनर. पंखाची दोन्ही टोकं किंचित वर उचललेली असावीत. म्हणजे विमान कलंडलं तरी आपसूक सरळ व्हायला बघतं. नवीन पोराला लढाऊ विमानाचा आकार हवा असतो. तो मिळेल, पुढच्या वर्षी.

विकत घ्यावं की स्वतः बनवावं?

स्वतः बनवावं. यात कंजूषपणा नाही. विकतचं विमान पडलं की त्याचा मालक हताश होतो, घरी बनवलेलं पडलं की मालकाला आतला प्रत्येक जोड माहीत असतो आणि तो संध्याकाळी जोडायला बसतो. शिकताना पडापड होणारच आहे.

कशाचं बनवता?

स्टेशनरीच्या दुकानात ‘सनबोर्ड’ मागितलं की दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक पीव्हीसी फोमची शीट, पाट्या बनवायची; ती जड असते आणि तिचं विमान उडत नाही, फेकल्यावर पडतं. दुसरी, दोन कागदांमध्ये हलका फोम असलेली, फ्रेमवाले वापरतात ती. हीच हवी. उचलून बघा, लगेच कळतं. ५ मिलीमीटर जाडीची घ्या. घडी पाडायच्या रेषेवर वरचा कागद आणि फोम कापायचा, खालचा कागद राखायचा, झाली बिजागरी. पंखाच्या आत बांबूची पट्टी किंवा कार्बनचा दांडा आडवा टाकायचा, नाहीतर वेगात वळताना पंख मधोमध मोडतो.

डेप्रॉन, म्हणजे पातळ हलकी फोमशीट, मिळालं तर उत्तम, पण ठिसूळ असतं. ईपीपी नावाचा फोम रबरासारखा वाकतो, पडला तरी तुटत नाही, महाग आहे. साध्या थर्मोकोलचा पंख गरम तारेनं कापून, त्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलनं खाकी कागद चिकटवला तर फार मजबूत होतो, मात्र एक दिवस वाळवावा लागतो. बाल्सा लाकूड इक्वेडोरसारख्या देशांतून येतं, हलकं आणि देखणं. ते दुसऱ्या-तिसऱ्या विमानाला.

फेविक्विक थर्मोकोलला लावायचं नाही, ते फोम विरघळवतं. कॅनमधले फवारायचे रंगही तेच करतात. फोमला चालतो हॉट ग्लू, आणि मोटरच्या प्लायवूड पाटीला दोन नळ्यांचं इपॉक्सी. हॉट ग्लूची एक खोड आपल्याकडंच कळते: मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या विमानाचे जोड मऊ पडून सरकतात. बाहेरून काही दिसत नाही. उडताना शेपूट वाकडी होते. म्हणून शेपटीचे आणि कंट्रोल हॉर्नचे (हलत्या पट्ट्यांवरच्या छोट्या शिंगांचे) जोड इपॉक्सीनंच करा आणि विमान सावलीत ठेवा. सर्वोपासून शेपटीपर्यंतच्या पुशरॉडला सायकलचा आरा चालतो.

मोटर, ईएससी आणि प्रॉप कसे जुळवायचे?

आठशे ग्रॅमच्या ट्रेनरला २२१२ आकाराची, १००० केव्हीची ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी, तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी आणि १० बाय ४.५ चा प्रॉप, ही जोडी चालते. यातला १० म्हणजे प्रॉपचा व्यास इंचांत आणि ४.५ म्हणजे एका फेऱ्यात तो सिद्धांतानुसार किती इंच पुढं सरकेल ते. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाचे किती फेरे. केव्ही जास्त असेल तर प्रॉप लहान हवा. उलटं केलंत तर मोटर आणि ईएससी दोन्ही जळतात. ताकदीचा अंदाज किलोला २०० वॅट धरा. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करायची, एवढंच.

सीजी म्हणजे काय, आणि सगळे त्यावरून एवढं का भांडतात?

सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, विमानाचा तोल सांभाळणारा बिंदू. ट्रेनरमध्ये पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर तो यायला हवा. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर ५ ते ६ सेंटिमीटर. दोन बोटांवर तिथं उचला. विमान आडवं किंवा नाकाकडं किंचित झुकलेलं राहिलं पाहिजे. बॅटरी पुढं-मागं सरकवून हे साधतं. शेपूट जड राहिली तर फेकल्याबरोबर विमान नाक वर करतं, स्टॉल होतं, आणि सावरायला उंची नसते. भांडण होतं ते पाच मिलीमीटरवरून. नवख्यानं नाकाकडचाच, म्हणजे २५ टक्क्यांचा आकडा धरावा.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीची एवढी भीती का?

कारण ती पेट घेते आणि पाण्यानं सहज विझत नाही. एका सेलचा पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट, म्हणजे तीन सेलचा १२.६. उतरल्यावर सेलला ३.७ च्या आसपास राहील इतकंच उडवा. ३ च्या खाली गेली की सेल कायमचा खराब होतो. साधारण आठ मिनिटं उडतं. ट्रान्समीटरवर सहा मिनिटांचा गजर लावा आणि उतरवायला दोन मिनिटं हाताशी ठेवा.

चार्जिंग बॅलन्स वायर लावूनच, २२०० एमएएचला २.२ अँपिअरनं. वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीवर किंवा लोखंडी पत्र्यावर, समोर बसून. आठवडाभर उडवायची नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवायची. भरून ठेवलेली बॅटरी उन्हाळ्यात हमखास फुगते. दुचाकीच्या डिकीत दुपारी बॅटरी ठेवू नका. पाण्याच्या बाटलीशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळणारेही पाहिलेत, तेही नको. थर्माकोलचा कोरडा डबा पुरे. तापलेली बॅटरी चार्जला लावायची नाही, आधी गार होऊ द्या. वीज गेली तर बहुतेक हॉबी चार्जर १२ व्होल्टवरही चालतात, ट्रॅक्टरची बॅटरी कामाला येते. फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावू नका. तिचा चार्ज दिव्यानं पूर्ण उतरवून ती ई-कचऱ्यात द्या.

कुठल्या महिन्यात, किती वाजता उडवायचं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर, उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत. हवा जड आणि शांत असते, शिकायला याहून चांगला काळ नाही. जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात शहराजवळ थांबावं, कारण बंदी असूनही नायलॉन मांजा वापरला जातो आणि तो प्रॉपमध्ये अडकला की मोटर जागच्या जागी बंद पडते.

मार्चनंतर दहा वाजले की माळ तापतो आणि गरम हवेचे झोत वर उठतात. वावटळ दिसली की विमान खाली आणायचं. मे महिन्याचा हिशेब तर वेगळाच आहे: साडेपाचशे मीटर उंचीवर ४२ अंशांत हवा समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते. पंखाला कमी उचल मिळते, प्रॉपला कमी पकड. स्टॉलचा वेग सात-आठ टक्क्यांनी वाढतो. हिवाळ्यात जिथं आरामात उतरायचं, तिथंच मेमध्ये विमान धावपट्टी ओलांडून जातं आणि पायलटला वाटतं आपला हात बिघडला. जून ते ऑगस्ट वारा सुटलेला असतो. तेव्हा आम्ही दुरुस्त्या करतो.

वारा मोजायला यंत्र नको. काठीला लोकरीचा धागा बांधा. धागा आडवा ताठ राहिला तर नवख्यानं विमान डब्याबाहेर काढू नये.

शिकायला किती वेळ लागतो?

आधी मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. फुकटचेही मिळतात. तिथं पडायला पैसे लागत नाहीत. खरी अडचण एकच आहे: विमान तुमच्याकडं तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं दिसतं. उपाय जुना आहे. जो पंख खाली गेलाय, काडी त्याच बाजूला ढकला. हे विचार न करता होऊ लागलं की माळावर या. तिथं शिकवणाऱ्याचा आणि तुमचा असे दोन ट्रान्समीटर जोडतात. विमान हाताबाहेर गेलं तर तो बटण सोडून ताबा घेतो. एकट्यानं, युट्यूब पाहून, शेतात पहिलं उड्डाण करू नका.

उडवण्याआधी काय तपासता?

ट्रान्समीटर आधी चालू, विमान नंतर. बंद करताना उलटं. काडी उजवीकडं केल्यावर उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता पट्टा) वर गेला पाहिजे. ही एक चूक पूर्ण विमान घेऊन जाते आणि दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात नेहमी हीच होते, कारण सर्वोची वायर अदलाबदल झालेली असते. मग फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटला की मोटर आपोआप थांबायची सोय: विमान कुणालातरी घट्ट धरायला लावून ट्रान्समीटर बंद करा, मोटर थांबली पाहिजे. प्रॉपच्या रेषेत कुणी उभं नको. बॅटरी जोडली की ते विमान ‘चालू’ समजायचं, मोटर फिरत असो वा नसो.

पडलं. आता?

आधी थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी काडी) खाली, मग चालत जा. धावू नका, माळावर दगड असतात. पहिल्यांदा बॅटरी काढा आणि बाजूला मोकळ्या जमिनीवर ठेवा. बाहेरून धड दिसणारी बॅटरीही मार लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पेटू शकते, म्हणून ती लगेच गाडीत टाकायची नाही. तुकडे सगळे उचला, अगदी नखाएवढे. तुटलेला फोम आपल्याच जागी अचूक बसतो. तुकडा हरवला तर तिथं ठिगळ लागतं आणि ठिगळाला वजन असतं.

घरी आल्यावर प्रॉप काढून मोटर हातानं फिरवा. खरखर असेल तर आत माती आहे, ब्रशनं आणि फुंकून काढा, पाणी नको. दांडा वाकलाय का ते मोटर हळू फिरवून टोकाकडं बघितलं की कळतं. वाकलेला दांडा ठोकून सरळ करत नाहीत, बदलतात. प्रॉपला केसाएवढी चीर असली तरी फेका. सर्वोचा हात हळूच फिरवा: एका जागी अडकून टक् वाजला तर आतला दात तुटलाय. प्लॅस्टिक गिअरचे नऊ ग्रॅमचे सर्वो यात पहिले जातात. एलेरॉनला मेटल गिअरचे लावले तर हा खर्च कमी होतो.

मग फोम. जुना ग्लू गरम करून काढल्याशिवाय नवा लावू नका, थरावर थर चढला की नाक जड होतं. मोटरची पाटी हलते का ते बोटानं दाबून बघा. सगळ्या दुरुस्त्यांत हीच विसरली जाते, आणि मोटरचा कोन दोन अंशांनी बदलला तरी विमान एका बाजूला ओढतं. शेवटी वजन करा आणि सीजी पुन्हा तपासा. प्रत्येक दुरुस्तीत वीस-तीस ग्रॅम वाढतात. ते शंभरावर गेले की त्या सांगाड्यातलं सामान काढून नवा सांगाडा कापायचा.

यानं फवारणी करता येईल का?

नाही. फवारणीचा ड्रोन वेगळं यंत्र आहे, दहा लिटरची टाकी घेऊन जागच्या जागी तरंगणारं, आणि त्याला टाइप सर्टिफिकेट व प्रशिक्षित पायलट लागतो. आमच्या विमानाला अर्धा लिटर पाणी बांधलं तर ते धड उडणार नाही.

लहान मुलांना आणू का?

आणा. दहा-बारा वर्षांची मुलं सिम्युलेटरवर आमच्यापेक्षा लवकर शिकतात. मुलींना मागं उभं करू नका, त्यांनाही काड्या द्या. चार्जिंग आणि प्रॉपजवळचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं.

घारी हल्ला करतात का?

क्वचित, विणीच्या काळात. बहुतेक वेळा घार शेजारी येऊन बघते आणि जाते. ती एका जागी पंख न हलवता गोल फिरायली असेल तर तिथं वर जाणारी हवा आहे. मोटर बंद करून तुम्हीही त्यात शिरा, पण तिच्यापासून लांब राहून.

विमान बाभळीत किंवा तारेवर अडकलं तर?

बाभळीसाठी आमच्याकडं आकडीचा लांब बांबू आहे. खालून दगड मारू नका. विमानाचं जे वाचलं असतं ते दगडानं जातं. फांदी तोडायची असेल तर झाड कुणाच्या बांधावर आहे ते आधी विचारा.

तारेवर अडकलं तर बांबू, दोरी, शिडी काहीही लावायचं नाही, तार घरगुती लाइनची वाटली तरीही. महावितरणच्या लाइनमनला फोन करा, तो लाइन बंद करून काढून देईल. तोवर खाली कुणाला उभं राहू देऊ नका, ट्रान्समीटर चालूच ठेवा आणि थ्रॉटल खाली धरा, कारण वर बॅटरी अजून जोडलेली असते.